‘पाया बसून राहिला, काकू’: इंजेक्शनवाल्यांपासून सावध

घराच्या पायाला सिमेंटचं ‘इंजेक्शन’ देणाऱ्यांच्या धंद्याची रीत साधी आहे. भर उन्हाळ्यात भिंतीतली भेग दाखवून घाबरवायचं, पायाशी मशीन लावून सिमेंटचं पाणी सोडायचं, पावसाळ्यात भेग आपोआप मिटू द्यायची आणि गणपतीच्या आसपास येऊन ‘बघा, मिटली की नाही?’ म्हणत उरलेले पैसे घेऊन जायचं. आमच्याकडून असे २ लाख ४० हजार रुपये गेले. अकोला, अमरावती, परभणी, लातूर, सोलापूर, जिथे म्हणून खोल काळी माती आहे तिथे हा खेळ चालू शकतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घर अकोल्यातलं, सासऱ्यांनी बांधलेलं. दगडी पाया, विटांच्या भिंती, वर स्लॅब. मागची खोली आणि न्हाणीघर नंतर वाढवलेलं. या मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग विटांच्या सांध्यासांध्यांतून वर गेली होती. खाली नखसुद्धा जाईना आणि वर छताजवळ दोन रुपयांचं नाणं सहज बसेल, अशी. दार चौकटीत अडकायला लागलं होतं, कडी लागत नव्हती. लक्षणं खरी होती, हे आधी सांगते. हे लोक भेग पाडत नाहीत, ती तुमच्याकडे असतेच. खोटं असतं ते औषध.

आला तो टापटीप. कंपनीचं नाव छापलेला शर्ट, हातात टॅबलेट, लेझर लेव्हल. लाल रेघ भिंतीवर मारून म्हणाला, ‘पाया बसून राहिला तुमचा, काकू. या पावसाळ्यात मागच्या भिंतीचं काही सांगता येत नाही.’ यांनी विचारलं, माती तपासून घ्यायची का? तर, ‘कशाला काका, आमचं मशीनच सांगते ना!’ कोणतं मशीन जमिनीच्या आत बघून काय सांगणार होतं, देव जाणे. लेझर लेव्हल फक्त फरशी कुठे उतरली एवढंच दाखवते, का उतरली ते नाही. ते तर नळीत पाणी भरून कुठलाही मिस्त्री सांगतो.

मग घरातल्या सगळ्या भेगा मोजल्या गेल्या, कारण दर फुटावर होता. त्यात गिलाव्यावरची केसासारखी जाळी आली, जिचा पायाशी संबंध नसतो, गिलावा वाळताना ती पडते. स्लॅबच्या लगेच खाली आडवी गेलेली भेग आली. ती बहुतेकदा उन्हाने स्लॅब फुगण्या-आकसण्याची असते. पोर्चच्या कॉलमला वीट टेकते तिथली सरळ उभी भेगही आली. काँक्रीट आणि वीट वेगवेगळी हलतात, म्हणून तो सांधा फाटतो. पाया बसल्याचा संशय घ्यावा अशा फक्त दोनच होत्या: खिडकीच्या कोपऱ्यातली ती तिरपी, आणि जुनं घर नव्या खोलीला मिळतं तिथली. बिल मात्र सगळ्यांचं झालं.

काम बघण्यासारखं होतं. जोत्याच्या कडेने ड्रिलने तिरपी भोकं, त्यात पाइप, पंपाची धडधड. ‘जर्मन केमिकल’चा निळा ड्रम, त्यावरचं लेबल ब्लेडने खरवडलेलं. त्यांच्या टेम्पोत मागे साध्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. पंपावर दाबाचा काटा होता, तो सबंध दुपार शून्याच्या आसपास पडून होता. तेवढ्यात शेजारच्या आवारात पपईच्या झाडाखालून राखाडी पाणी वर आलं. शेजारी ओरडत आले, तर हा म्हणतो, ‘बघा, किती दूरपर्यंत पोचलं मटेरियल!’

आता त्यामागचं खरं. ग्राउटिंग, म्हणजे दाबाने सिमेंटचं पाणी आत सोडून फटी भरणं, ही पद्धत खोटी नाही. धरणाच्या पायाखाली खडकाच्या फटी भरायला, वाळूत किंवा खडीत ती वापरतातच. पण काळी माती इतकी बारीक असते की सिमेंटचा कण तिच्या छिद्रांत शिरूच शकत नाही. उन्हाळ्यात मात्र तिला खोल भेगा पडलेल्या असतात. दाबाने सोडलेला राडा त्या भेगांतून वाट मिळेल तिकडे वाहत जातो. काटा शून्यावर होता तो त्यामुळे. पुढे आम्ही भिंतीलगत खड्डा खणला तेव्हा हा सगळा माल दिसला: मातीच्या उभ्या भेगेत पापडाएवढ्या जाडीचा सिमेंटचा पत्रा, पायापासून दूर, कुंपणाच्या दिशेने गेलेला. पायाच्या दगडाखाली थेंब नाही.

मग पावसाळ्यात भेग मिटली कशी? काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी धरलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळून खाली बसते, कोपरा तिच्याबरोबर उतरतो आणि भेग उघडते. आषाढ-श्रावणात तीच माती फुगून कोपऱ्याला वर उचलते आणि भेग मिटते. दरवर्षी. कोणी काही न करता. ‘काम झाल्यावर दोन महिन्यांत फरक दिसेल, मगच बाकी द्या’ हा त्यांचा उदारपणा कशाच्या जोरावर होता, ते तुमच्या लक्षात आलं असेल. वर पुट्टी आणि रंग मारून दिला, तो फुकट.

होळी झाली, उन्हं तापली आणि त्याच खिडकीच्या त्याच कोपऱ्यात पुट्टी उभी फाटली. फोन केला तर उत्तर आलं, ‘गॅरंटी कार्ड वाचा.’ वाचलं. पाच वर्षांची गॅरंटी, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात: ‘जमिनीच्या नैसर्गिक हालचालीमुळे पडलेल्या भेगांस कंपनी जबाबदार राहणार नाही.’ पाया दुरुस्तीच्या गॅरंटीतून जमिनीची हालचालच वगळलेली! ओला पंचा नेसवून पावसापासून वाचवल्याची पावती द्यावी तसा प्रकार.

नंतर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी पहिल्या भेटीत एकाही कामाचा भाव सांगितला नाही. भेगेवर काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या, शेजारी तारीख लिहिली. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून हलते आहे. मग कोपऱ्याशी खड्डा खणून पाया किती खोल आहे ते पाहिलं. जुन्या घराचा पाया मुरुमापर्यंत गेलेला, वाढवलेल्या खोलीचा जेमतेम तीन फुटांवर, काळ्या मातीतच. माती प्रयोगशाळेत पाठवली. तिथली चाचणी इतकी सोपी आहे की शाळेतल्या मुलाला कळावी. दोन काचेच्या नळ्या, प्रत्येकीत चाळलेली कोरडी माती १० ग्रॅम, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलने माती फुगत नाही. एक दिवसानंतर रॉकेलच्या नळीत माती १० मिलिलिटरच्या रेघेवर होती, पाण्याच्या नळीत १९ च्या. म्हणजे फुगवटा ९० टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नसते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि बऱ्याच तंत्रनिकेतनांत अशा चाचण्या फी भरून करून मिळतात. इंजेक्शनवाल्याच्या बिलापुढे ती फी किरकोळ.

दुसरं कारण अगदीच घरगुती निघालं. न्हाणीघराचा चेंबर झिरपत होता आणि गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात सुटलेला. एक बाजू बारमाही ओली, दुसऱ्या बाजूला वाढलेला कडुनिंब उन्हाळ्यात मातीतलं पाणी शोषून ती कोरडी करतो. खोलीच्या दोन टोकांना दोन ऋतू.

दुरुस्ती अशी झाली. आधी चेंबर बदलला, गच्चीचं पाणी पाइपने गटारापर्यंत नेलं. मग उतरलेल्या कोपऱ्याचा पाया खाली मुरुमापर्यंत नेला. सलग चर खणला नाही, साधारण चार-चार फुटांचे तुकडे, एक आड एक. एक तुकडा खणायचा, काँक्रीट भरायचं, ते धरलं की वरच्या फटीत कोरडसर मसाला ठोकून बसवायचा, मगच शेजारचा. जो मिस्त्री सगळी भिंत एकदम उघडी करायला निघेल त्याला तिथेच थांबवा, भिंत अंगावर येईल. घराभोवती मुरूम दाबून बाहेर उतार दिलेलं काँक्रीट केलं, म्हणजे पाणी पायाशी मुरत नाही आणि कडेची माती एकदम वाळत नाही. भेग मात्र तशीच उघडी ठेवली. पावसाळा गेला, पुढचा उन्हाळाही गेला, काच तडकली नाही, तेव्हा ती जाळी लावून भरली. इंजिनिअरच्या फीसकट हे सगळं त्या इंजेक्शनच्या निम्म्या पैशांत झालं.

नवीन घर बांधणाऱ्यांसाठी जाता जाता: अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, खाली फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खांब असतात. त्यांवरचं संशोधन रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (सीबीआरआय) केलेलं आहे. बांधतानाच विचारून घ्या.

आता पैशांचं. आम्हाला जीएसटीचं बिल दिलंच नव्हतं, साधी पावती होती. निम्मी रक्कम कंपनीच्या नाही, कुणा तिसऱ्याच नावाच्या खात्यावर घेतली होती. तरी बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, गॅरंटी कार्ड, तारखेसह भेगेचे फोटो आणि खड्ड्यातल्या त्या सिमेंटच्या पत्र्याचे फोटो एवढं जमलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला सांगितलं, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. प्रकरण चालू आहे. दरम्यान आमच्याच भागात तोच माणूस दुसऱ्या नावाचा शर्ट घालून फिरताना दिसला. आणखी दोन घरांतली गॅरंटी कार्डं मी पाहिली, मागचं वाक्य अक्षरशः तेच. तुमच्याकडेही असं कार्ड असेल तर ते फेकू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती करावी लागते.