बिलात रोबोट होता, ऑपरेशनमध्ये नव्हता

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, उजवा गुडघा सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात बदलला. गुडघा आज चांगला आहे, ती जिना चढते, हे आधीच सांगतो. सर्जनच्या हाताबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हे ऑपरेशन आम्हाला कसं विकलं याबद्दल, आणि न वापरलेल्या रोबोटचे 70 हजार रुपये घेतले त्याबद्दल. अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, तिकडून तुळजापूर आणि विजापूरपासून माणसं उपचाराला सोलापूरलाच येतात. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी सध्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बोलणी चालू असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात सांधेदुखीचं मोफत शिबिर होतं. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, बरोबरीच्या शिक्षिका निघाल्या म्हणून तीही गेली. दारातच फ्लेक्स: 'रोबोटद्वारे अचूक गुडघेरोपण. मोठा काप नाही, वेदना नाहीत, त्याच दिवशी चाला.' डॉक्टरांनी जेमतेम दोन मिनिटं गुडघा हलवून पाहिला. त्यानंतर बराच वेळ बोलली ती गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी, पेशंट कौन्सिलर. "मावशी, हातानं केलं तर चूक होऊ शकते, रोबोट चुकत नाही." मग, "साधं ऑपरेशनही करतो आपण, पण ते दहा वर्षांत परत करायची वेळ येते. रोबोटचं तीस वर्षं बघायला नको." आणि शेवटी, सूट फक्त या महिन्यापुरती. चालताना कळ निघणाऱ्या बाईला असं सांगितल्यावर ती दुसरं काय निवडणार? मला सगळ्यात जास्त राग या वाक्यांचा आहे, कारण ती दुखण्याच्या आणि भीतीच्या जागी बरोबर बोट ठेवून बोलली गेली.

नंतर मी आमच्या ओळखीच्या, सोलापूरबाहेर काम करणाऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांकडून हे सगळं नीट समजून घेतलं. गुडघ्याचे बहुतेक रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यावर खुणा लावतात, कॅमेरा त्या खुणांवरून हाड कुठं आहे ते ओळखतो, आणि ठरलेल्या रेषेबाहेर करवत जाऊ नये एवढी काळजी यंत्र घेतं. अशा रोबोटात करवत चालवतो तो सर्जनच. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, साध्या ऑपरेशनमधलाच बसतो, त्यामुळे तो आत जाईल एवढा काप घ्यावाच लागतो. उलट पिनांची भोकं वाढतात, आणि हाड ठिसूळ असेल तर क्वचित त्या भोकापाशी हाड मोडतंही. त्याच दिवशी चालणं हे भूल, वेदना थांबवणारी इंजेक्शनं आणि फिजिओथेरपी यावर असतं. साध्या पद्धतीनं गुडघा बदललेली माणसंही त्याच दिवशी वॉकर धरून उभी राहतात.

रोबोटनं हाडाचे काप ठरलेल्या मापाला जास्त जुळतात, हे खरं आहे. पण त्यामुळे गुडघा जास्त वर्षं टिकतो का? दक्षिण कोरियात एकाच सर्जननं केलेल्या दोन्ही प्रकारच्या ऑपरेशनांची तुलना 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी 13 वर्षं पेशंटांवर लक्ष ठेवलं होतं. गुडघ्याचं काम, इम्प्लांट सैल होणं, टिकणं, कशातच फरक सापडला नाही. तो रोबोट जुन्या पिढीचा होता, हे मान्य. पण आजचे रोबोट पूर्ण गुडघेरोपणात आले तेच गेल्या दहा-बारा वर्षांत, मग त्यांच्या तीस वर्षांची हमी कुणी कशावर दिली?

असं बोलणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत 400 हॉस्पिटलांच्या वेबसाइट तपासणारा एक अभ्यास 2011 मध्ये आला. 41 टक्के हॉस्पिटलांनी रोबोटिक सर्जरीची माहिती दिली होती. त्यातल्या 86 टक्के ठिकाणी ती श्रेष्ठ असल्याचा दावा होता, 73 टक्के ठिकाणी मजकूर किंवा फोटो यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं पुरवलेले होते, आणि धोक्याचा उल्लेख एकानंही केला नव्हता. आमच्या हातात दिलेल्या माहितीपत्रकातही धोक्याचा एक शब्द नाही. ते पत्रक मी जपून ठेवलंय.

आता पैशांचं. गुडघ्याच्या इम्प्लांटची कमाल किंमत सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये बांधून दिली. रोबोटच्या चार्जला तशी मर्यादा नाही. विम्याचं म्हणाल तर, रोबोटिक सर्जरी नुसती वगळता येणार नाही असं विमा नियामकानं 2019 मध्येच सांगितलंय, पण कंपनीला त्यावर उपमर्यादा, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देण्याची अट, घालायची मुभा आहे. अक्काच्या पॉलिसीत तशी उपमर्यादा होती. टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेनं, रोबोटची रक्कम नाकारली आणि हॉस्पिटलनं ती डिस्चार्जच्या दिवशी आमच्याकडून रोख भरून घेतली. शिबिरात 'सगळं कॅशलेस होईल' असंच ऐकलं होतं.

रोबोट वापरलाच नव्हता, हे फिजिओथेरपीला घरी येणाऱ्या मुलीमुळे कळलं. तिनं पाय पाहिला आणि सहज विचारलं, "काकू, पिनांच्या खुणा कुठायत?" मी लेखी अर्ज देऊन संपूर्ण केसपेपर मागितला. आधी 'डिस्चार्ज कार्ड दिलंय की' असं उत्तर आलं. वैद्यकीय परिषदेच्या नियमानुसार मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, हे अर्जातच लिहून दुसरा अर्ज दिला, मग मिळाल्या. ऑपरेशनच्या नोंदीत स्वच्छ लिहिलंय: मांडीच्या हाडात दांडा घालून जिगनं, म्हणजे करवतीला दिशा देणाऱ्या साच्यानं, काप घेतले. ही नेहमीची, हातानं करायची पद्धत. रोबोट असता तर तो दांडा लागत नाही. इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले आहेत, पण बिलात लावलेल्या रोबोटच्या डिस्पोजेबल साहित्याचं एकही स्टिकर नाही. जाब विचारल्यावर पीआरओ म्हणाले, त्या दिवशी मशिन दुसऱ्या गावी होतं, आणि संमतीपत्रात 'गरजेनुसार पद्धत बदलू शकते' या ओळीवर पेशंटची सही आहे. पद्धत बदलली असेल, पण मग पैसे कशाचे घेतले, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

म्हणून सही करण्याआधी हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या: माझ्या गुडघ्याला रोबोट का हवा? साध्या पद्धतीचा खर्च किती? ऐन वेळी रोबोट वापरला नाही तर त्याचे पैसे वजा होणार का? डॉक्टरांनी या रोबोटवर किती ऑपरेशनं केलीत? शिबिरातल्या माणसांना नव्हे, स्वतः सर्जनना विचारा. महाराष्ट्रात 2021 पासून हॉस्पिटलनं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे, तीही पाहा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. गुडघ्याच्या झिजेला महिन्याभराची घाई नसते.

हॉस्पिटल पैसे परत द्यायला तयार झालं, पण कुठं बोलायचं नाही, लिहायचं नाही, या अटीवर. अक्कानं सही केली नाही. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर पुढची माहिती मिळते. याच पद्धतीनं कुणाच्या बिलात रोबोट लागला असेल, तर बिल आणि ऑपरेशनची नोंद शेजारी ठेवून एकदा वाचा.