११ केव्ही पॅनेलचा बसबार: तांबं की अ‍ॅल्युमिनियम?

बसबार म्हणजे अशा ११,००० व्होल्टच्या वीज पॅनेलमध्ये वीज वाहून नेणारी धातूची पट्टी. किमतीत अ‍ॅल्युमिनियम सरळ जिंकतं. त्याची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणून तेवढाच रेझिस्टन्स ठेवायला सुमारे १.६ पट जाड पट्टी लागते. तरी वजन निम्म्यावर येतं. अडचण जागेची, कारण बसबारचा कप्पा मुळातच अरुंद.

माझी खरी काळजी मात्र सांध्यांची आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि त्यातून वीज जात नाही. पृष्ठभाग घासून, कॉन्टॅक्ट ग्रीस लावून, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळावे लागतात. तांब्याशी थेट जोड तर नकोच! कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत असा सांधा गंजतो आणि तापू लागतो. तिथे मी जास्त पैसे मोजून टिन प्लेटिंग (कथिलाचा मुलामा) केलेलं तांबंच घेईन.