एडीएसएल मोडेम, नऊ महिन्यांनंतर: राग चुकीच्या डब्यावर काढला

एडीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट. पहिले चार महिने मी या मोडेमला शिव्याच घातल्या. रात्री नऊनंतर डीएसएलचा दिवा लुकलुकायचा, म्हणजे लाइन तुटायची, मिनिटभराने स्थिर व्हायचा, तासाभराने पुन्हा तेच. तक्रार केली की इंटरनेट कंपनीचं उत्तर ठरलेलं, "बंद करून चालू करा." बंद केलं की चुकांचे सगळे आकडे शून्यावर येतात आणि हातातला पुरावाच जातो!

मग रोज रात्री मोडेमचं, लाइनची स्थिती दाखवणारं स्टेटसचं पान उघडून आकडे वहीत लिहू लागलो. माझी खरी तक्रार या पानाबद्दल आहे. एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल गरजेपेक्षा किती वर आहे) आणि अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती विरतो) एकाखाली एक, दोन्ही डेसिबलमध्ये, आणि कुठला जास्त हवा, कुठला कमी, याबद्दल अवाक्षर नाही. मार्जिन जास्त हवं. ६ डेसिबल म्हणजे लाइनवरचा गोंगाट साधारण चौपट होईपर्यंत जोडणी तग धरते. अटेन्युएशन कमी हवं, पण ते मुख्यतः तांब्याच्या तारेच्या लांबीवर ठरतं, आपल्या हातात नसतं. माझं ५२, म्हणजे तार बरीच लांब. एवढं कळायला दोन महिने गेले. पानावर दोन ओळी छापल्या असत्या तर वाचले असते.

'मोड'चाही असाच घोळ. ब्रिज (लॉगिन संगणक किंवा राउटर करतो) की पीपीपीओई (मोडेमच करतो), हा लॉगिन कोण करणार एवढाच प्रश्न, लाइनच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. मी आठवडाभर तोच बदलत बसलो. लाइनशी संबंध असलेला मोड 'मॉड्युलेशन'खाली, म्हणजे तारेवर सिग्नल पाठवायच्या पद्धतीखाली, लपलाय: जी.डीएमटी, एडीएसएल२, एडीएसएल२+. शेवटचा २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, जी.डीएमटी १.१ पर्यंतच. पण लांब तारेत वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच विरतात. म्हणून जी.डीएमटी लावला. मार्जिन ५ चं ६ झालं आणि मला वाटलं, सापडलं. दोन दिवसांनी रात्री पुन्हा ३.

सहाव्या महिन्यात आतल्या खोलीतला जोडफोन काढला. त्याला फिल्टर (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे ठेवणारी डबी) नव्हता, तारेचा जोडही काळा पडलेला. मोडेम थेट पहिल्या सॉकेटला लावला. मार्जिन ११! वेग प्लॅननेच २ एमबीपीएसवर बांधलाय, त्यामुळे फरक वेगात नाही, मार्जिनमध्ये दिसला. सीआरसी चुका (दुरुस्त न झालेल्या) दिवसाला शेकड्यांवरून चार-पाचावर आल्या. (एफईसीचा मोठा आकडा पाहून घाबरू नका, त्या दुरुस्त झालेल्या चुका असतात.) खात्रीसाठी पुन्हा एडीएसएल२+ लावून पाहिला, तरी ११ च. म्हणजे मोडचा दोष नव्हता, मोडेमचाही नव्हता.

रात्री अजूनही ९ पर्यंत उतरतं. मध्यम लहरींवरची रेडिओ केंद्रं अंधार पडल्यावर दूरवर पोचतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सी एडीएसएलच्याच पट्ट्यात येतात, तेही कारण असू शकतं. ९ वर लाइन तुटत नाही, मला पुरे आहे.

नवीन मोडेम घ्यायचा बेत रद्द केला, पैसे वाचले. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या स्टेटसच्या पानापायी कापला आहे.