तपासणीची कॉइल: नळीवरची की टोरॉइड?

एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स मोजणारा मीटर) तपासायला स्वतःच एक मिलिहेन्री इंडक्टन्सची कॉइल करायची म्हटलं, की निवड दोघींतच राहते: सरळ नळीवरची किंवा बिनचुंबकी कड्यावरची टोरॉइड. फेराइटचा, म्हणजे चुंबकी सिरॅमिकचा, गाभा सोडून द्या. तापमान बदललं, मीटरची टेस्ट पातळी बदलली, की त्यावरच्या कॉइलचा इंडक्टन्सही सरकतो.

नळीवरच्या कॉइलचं मला आजही कौतुक आहे. पीव्हीसी पाइपवर तार ताणून बसवली की काम उरकलं, आणि व्हीलर या अमेरिकी अभियंत्याच्या 1928 च्या सूत्रावरून उत्तर साधारण एक टक्क्याच्या आत आधीच कळतं. टोरॉइडला तार गुंडाळलेलं शटल कड्यातून पुन्हा पुन्हा आरपार काढावं लागतं. कडं 30 मिमी जाडीचं आणि बाहेरचा व्यास आतल्याच्या दुप्पट असेल, तर एक मिलिहेन्रीला जवळपास 490 वेढे होतात. आमच्या कुपवाड एमआयडीसीत हायलमचं (कडक, बिनचुंबकी लॅमिनेटचं) कडं लेथवर कातून मिळतं, वेढे मात्र आपणच घालायचे.

तरी मी टोरॉइडकडे वळलो, ते टेबलामुळे. माझं टेबल लोखंडी आहे, आणि नळीवरच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र बाहेर मोकळं पसरतं. कॉइल पत्र्यावर टेकवली की एक आकडा, लाकडी ठोकळ्यावर उचलली की दुसरा. शेजारी स्टीलची पट्टी सरकवली तरी शेवटचे अंक हलायचे. ॲल्युमिनियमचं झाकण जवळ नेलं की आकडा खाली यायचा. डब्यात बंद करावी, तर डबाच मोजमापात शिरतो. जिच्यावर मीटर पारखायचा तिचाच आकडा जागेनुसार बदलत असेल, तर काय उपयोग? टोरॉइड मी टेबलावर ठेवली, पत्र्याच्या पेटीत ठेवली. माझ्या मीटरवर फरक दिसला नाही. जनरल रेडिओ या अमेरिकी कंपनीची प्रमाण कॉइलची 1482 मालिकाही सिरॅमिक कड्यावरचीच होती.

एवढं मात्र सांभाळा: वेढे कड्याभोवती पुढे सरकत जातात, त्यामुळे सगळी गुंडाळी मिळून एक मोठा वेढा तयार होतो आणि थोडं क्षेत्र बाहेर निसटतं. तारेचं शेवटचं टोक कड्याच्या परिघावरूनच उलट फिरवून सुरुवातीपाशी आणा.

टेबल लाकडी असेल आणि काही मायक्रोहेन्रीचंच काम असेल, तर नळीवरची कॉइल बहुधा पुरेल. बाकी मला विचाराल तर बोटं दुखली तरी टोरॉइडच करा. वार्निश लावून पूर्ण वाळू द्या, आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत मोजून घ्या. आकडा बरोबर एक मिलिहेन्री नसला तरी बिघडत नाही. येईल तो तापमान आणि फ्रिक्वेन्सीसकट पेटीवर लिहून ठेवा.