हायडेलबर्गची झॉइगहाउस मेन्झा: एका सत्राचा अनुभव

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या जुन्या गावात, नेकार नदीला लागून, मार्शटाल नावाचा दगडी भिंतींचा एक जुना परिसर आहे. 16 व्या शतकात शस्त्रागार म्हणून उभारलेल्या तिथल्या इमारतीत आज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची खानावळ चालते. तिचे नाव झॉइगहाउस मेन्झा. इतिहासाची विनिमय विद्यार्थिनी म्हणून मी पुण्याहून हिवाळी सत्रासाठी तिथे गेले, तेव्हा माझे दुपारचे आणि पुष्कळदा रात्रीचेही जेवण याच ठिकाणी होत असे. या विद्यापीठात एका सत्रासाठी जाणाऱ्या मराठी मुलामुलींना मी आधी या जागेविषयी सांगते आणि मग व्याख्यानांविषयी.

आधी पैशांचे पाहू. हायडेलबर्ग ज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1500 युरो शिक्षणशुल्क लावले असले, तरी दोन विद्यापीठांच्या करारातून येणाऱ्या विनिमय विद्यार्थ्यांना ते भरावे लागत नाही. तरीही राहण्याजेवण्याचा भार आपलाच असतो. सप्टेंबर 2024 पासून जर्मन व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात) महिन्याला 992 युरो या हिशेबाने पैसे दाखवावे लागतात, आणि खोलीचे भाडे व आरोग्यविमा वजा जाता त्यातले जे उरते त्यात मुख्य रस्त्यावरच्या उपाहारगृहांत रोज जेवणे शक्य नाही. विद्यार्थी कल्याणाचे काम पाहणारी श्टुडीरेंडनवेर्क ही सार्वजनिक संस्था या खानावळी चालवते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या सत्रशुल्कातला एक हिस्सा तिला मिळतो आणि राज्य सरकारही तिला अर्थसाहाय्य करते, म्हणूनच विद्यार्थ्यांसाठी ताटाचा दर बाहेरून आलेल्या पाहुण्यांपेक्षा कमी ठेवता येतो.

झॉइगहाउसची खरी खासियत म्हणजे इथे ठरलेली थाळी नसते. मांडून ठेवलेल्या पदार्थांतून आपल्याला हवे ते आपण वाढून घ्यायचे, गल्ल्यापाशी ताट वजनकाट्यावर ठेवायचे आणि 100 ग्रॅमच्या दराने होतील तितके पैसे विद्यापीठाच्या ओळखपत्रावर भरलेल्या रकमेतून द्यायचे. पुण्याच्या मेससारखे महिन्याचे पैसे आगाऊ अडकून पडत नाहीत, आणि भूक कमी असेल त्या दिवशी बिलही कमी होते. मात्र बटाटा, पास्ता आणि रस्सा हे वजनदार पदार्थ आहेत, तर पालेभाज्यांची कोशिंबीर हलकी असते; एवढे ध्यानात ठेवून वाढून घेतले, तर त्याच पैशांत जेवण अधिक चौरस होते. वेळेचेही गणित आहे. जर्मन विद्यापीठांत तासिका जाहीर वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होण्याची प्रथा आहे, आणि हायडेलबर्गमध्ये सव्वा अकराचे वर्ग पाऊण वाजता सुटले की जुन्या गावातली सगळी पावले मार्शटालकडे वळतात. ज्यांना मोकळीक असेल त्यांनी बारापूर्वी जावे किंवा दीड वाजून गेल्यावर जावे.

शाकाहारी माणसाचे इथे पोट भरते, आणि नीट भरते. भाजलेल्या भाज्या, डाळी घातलेली सॅलड, चीज घातलेले श्पेट्झले (नूडल्ससारखा जर्मन पदार्थ), परतलेले बटाटे यांतले काही ना काही हाती लागतेच. चव सौम्य असते. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी उकडलेल्या बटाट्यांवर फार शोभते, आणि शेजारी बसलेल्यांना ती द्यावीच लागते. पण नुसते रूप पाहून पदार्थ घेऊ नये. जर्मन स्वयंपाकात मसुराच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची आणि तांबडी कोबी चरबीत शिजवण्याची जुनी पद्धत आहे. शहरातल्या एका छोट्या उपाहारगृहात मला असे सूप शाकाहारी म्हणून मिळाले होते. मेन्झामध्ये पदार्थांसमोरच्या पाटीवर ते शाकाहारी आहेत की व्हेगन, हे लिहिलेले असते, आणि युरोपीय कायद्यानुसार 14 प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहितीही द्यावी लागते. पहिल्या आठवड्यातच त्या खुणा समजून घ्याव्यात.

इतके सांगूनही या जागेचे खरे मोल अजून सांगायचे राहिले आहे. विनिमय विद्यार्थ्याचे वर्गात फारसे कोणाशी बोलणे होत नाही. व्याख्यान संपले की सगळे बाकांवर बोटांनी ठकठक करून दाद देतात आणि पांगतात. स्थानिक मुलांचे गट आधीच जुळलेले असतात, आणि फेब्रुवारीच्या मध्याला व्याख्याने संपणार असल्याने ओळखी हळूहळू होतील म्हणून वाट पाहायलाही सवड नसते. मार्शटालच्या लांब टेबलांवर मात्र अनोळखी माणसाशेजारी बसण्यात काही वावगे नाही, आणि जेवण झाल्यावरही कोणी उठायला सांगत नाही. माझे अडखळते जर्मन जितके या टेबलांवर सुधारले तितके भाषावर्गात सुधारले नाही. 1962 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या दक्षिण आशिया संस्थेतला एक संशोधक एकदा समोर येऊन बसला, आणि मी महाराष्ट्रातली आहे हे कळताच त्याने थेट जेजुरीचा विषय काढला. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या परंपरांचा आयुष्यभर अभ्यास करणारे गुंथर सोंथायमर याच संस्थेत प्राध्यापक होते. 1992 मध्ये ते गेले, तरी त्यांच्या कामाची ओळख इथल्या अभ्यासकांना आहे, हे त्या दुपारी समजले आणि मला मनापासून आनंद झाला. पुढच्या माझ्या निबंधाचा विषय त्याच गप्पांतून निघाला.

उन्हाळी सत्रात येणाऱ्यांना एक सुख अधिक मिळते. एप्रिलनंतर ऊन पडले की ताटे बाहेर येतात आणि आवारातल्या हिरवळीवर संध्याकाळपर्यंत मंडळी बसून असतात. हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. तेव्हा प्ल्योक रस्त्यावरच्या विद्यापीठ ग्रंथालयात संध्याकाळपर्यंत वाचत बसावे आणि तिथून चालत जेवायला यावे, हा दिनक्रम मी कोणालाही सुचवेन. रविवारची सोय मात्र शनिवारीच करून ठेवावी, कारण त्या दिवशी किराण्याची दुकानेही बंद असतात.

विज्ञान आणि वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे वर्ग नदीपलीकडे नॉयनहाइमर फेल्ड भागात भरतात आणि तिथे त्यांची स्वतंत्र, मोठी मध्यवर्ती मेन्झा आहे. दुपारी तिथून जुन्या गावात येणे त्यांना परवडणार नाही. त्यांनी आठवड्यातून निदान एका संध्याकाळी तरी बस पकडून मार्शटालला यावे, आणि शक्यतो आपल्या देशाच्या मुलांचा घोळका सोबत न आणता यावे.