सेन्सॉर्ड : पुस्तक चीनवरचं, आठवला आमचा गावचा ग्रुप

भाचा आमच्याकडे जळगावला राहून यूपीएससी करतोय, पुस्तक त्यानेच मागवलेलं, पार्सल आलं तेव्हा घरी मीच होतो म्हणून मीच फोडलं. कोपरा पार दुमडलेला, पॅकिंग म्हणजे नुसती प्लास्टिकची पिशवी, एक स्टार तिथेच कापला. लेखिका मार्गारेट रॉबर्ट्स, कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत सॅन डिएगोला प्रोफेसर, पुस्तक २०१८ चं, चीन सरकार इंटरनेटवरची माहिती लोकांपासून कशी लांब ठेवतं त्यावर.

मला वाटायचं चीनमध्ये कोणी तोंड उघडलं की थेट आत. बाईंचं म्हणणं, धाक असतो तो जास्त करून पत्रकार, कार्यकर्ते अशांना, बाकी पब्लिकला नुसता कंटाळा आणायचा भो. साइट सरकारने बंद केलेली असते, व्हीपीएन म्हणजे बंदी चुकवून साइट उघडून देणारं ॲप टाकलं की उघडतेपण, पण त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, दिवसभर दमलेला माणूस म्हणतो मरू दे. सर्व्हर डाऊन आहे उद्या या, असं तीनदा ऐकलं की आपणपण सातबाऱ्याचा नाद सोडतोच ना.

मग येतो पोस्टींचा पूर. रॉबर्ट्स, गॅरी किंग आणि जेनिफर पॅन यांनी २०१७ च्या रिसर्चमध्ये अंदाज काढलाय की सरकारची माणसं साध्या नागरिकाचं सोंग घेऊन वर्षाला ४४ कोटी ८० लाख पोस्टी टाकतात, आणि गंमत म्हणजे कोणाशी वाद घालत नाहीत, गोडगोड बोलून विषयच बदलतात. इथे मी एकटाच हसत बसलो. आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं नळाला आठव्या दिवशी पाणी का, तर दहा मिनिटांत सत्तावीस गुड मॉर्निंग, दोन वाढदिवस आणि केळीचा भाव. प्रश्न वर गेला तो गेलाच. आमच्याकडे मुद्दाम कोणी करत नसावं, देव जाणे.

सगळ्यात भारी किस्सा इन्स्टाग्रामचा. सप्टेंबर २०१४ ला हाँगकाँगच्या आंदोलनात चीनने ते एका झटक्यात बंद केलं, तर रोज फोटो बघायची सवय लागलेले लोक व्हीपीएन शोधायला लागले आणि त्याच वाटेने फेसबुक, ट्विटर, विकिपीडियावर जाऊन पोचले. हळूहळू स्लो करत नेलं असतं तर बहुतेक कोणी हूं की चूं केलं नसतं.

आकडेमोडीची पानं मी सरळ उलटली, ग्राफ दिसला की झोप येते. इंग्रजी तसं सोपं आहे. भाचा आता म्हणतो परीक्षेला यातलं फार काही येत नाही, मग मागवलं कशाला विचारलं तर गप्प. पुस्तक सध्या माझ्याच उशाशी आहे, जळगावात आलात तर वाचायला देतो, पण परत पाहिजे.