चिपळुणातले आमचे फॅमिली डॉक्टर: दीड तास थांबा, पाच मिनिटांत बाहेर

नाव लिहीत नाही, कारण डॉक्टरांना आवडणार नाही आणि चिपळुणात राहणाऱ्यांना दोन ओळी वाचल्या की कळेलच कोण ते. बाकीच्यांसाठी एवढंच की बाजारपेठेच्या मागच्या बाजूला जुनी इमारत आहे, खाली चपलांचा ढीग दिसला की समजायचं इथेच.

आधी वाईट सांगते म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही. अपॉइंटमेंट नाही. फोन उचलत नाहीत. नंबर म्हणजे प्लास्टिकचा बिल्ला, तो कंपाउंडरभाऊंकडून घ्यायचा आणि बाकावर बसायचं, सकाळी साडेनऊला गेलात तरी अकरा वाजतात कारण मध्येच कुणीतरी गुहागरच्या बाजूचं पहिली एसटी पकडून आलेलं असतं आणि त्यांची परतीची गाडी असते म्हणून त्यांना आधी सोडतात. (ह्यावरून मी पहिल्या वर्षी भांडलेय, आता मीच म्हणते जाऊ दे त्यांना.) एमआर लोक (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) मात्र शेवटी, कितीही इस्त्रीचा शर्ट असो. पंखा आहे पण तो फक्त कोपऱ्यातल्या कालनिर्णयला वारा घालतो. छापील बिल मागितलं तर चेहऱ्यावर आठ्या पडतात, नवऱ्याला लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत मेडिकलचे पैसे क्लेम करायचे असतात, तर प्रत्येक वेळी भाऊंच्या मागे लागून शिक्का मारून घ्यावा लागतो. आणि डॉक्टर ओरडतात. तीन दिवस दुखणं अंगावर काढून गेलात तर सगळ्यांसमोर ओरडतात आणि सकाळी शिंक आली म्हणून दुपारी गेलात तरी ओरडतात, मग माणसाने जायचं तरी कधी?

मी मूळची पुण्याची, २०११ ला लग्न होऊन इथे आले. तिकडे आमच्याकडे नाकाला वेगळा डॉक्टर, पोटाला वेगळा, आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. इथे सासूबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात ताप आला तेव्हा ह्यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, छाती तपासली, पोट दाबलं, पाच मिनिटांत कागदाच्या पुडीत गोळ्या, वर पेनाने सूर्य आणि चंद्र काढलेला (सकाळची, रात्रीची), आणि म्हणाले, "वायरल आहे, चार दिवस जाईल, पेज खा." मी विचारलं अँटिबायोटिक नाही का? तर माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, सूनबाई शिकलेली दिसते." एवढा राग आलेला ना. पण चौथ्या दिवशी ताप गेला हे पण खरं.

नंतर हळूहळू लक्षात आलं की हा माणूस बऱ्याचदा काही करतच नाही आणि पैसे आपण त्याचेच देतो. आमच्याकडे लोकांना सलाईन लागतं. अशक्तपणा आला लाव सलाईन, शेतीची कामं संपली लाव सलाईन, मुंबईहून गणपतीला आलेला भाऊ दमला त्याला पण लाव. एकदा माझ्या पुढ्यात एक आजोबा हट्टाला पेटले, बाटली लावाच म्हणून. डॉक्टरांनी कपाटातून अर्ध्या लिटरची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आजोबा, ह्यात साडेचार ग्रॅम मीठ आहे, बाकी नुसतं पाणी. तुमचं बीपी आधीच वर आहे. घरी जाऊन ताकभात खा, तो बीनमिठाचा." आजोबा रुसून गेले, बहुतेक दुसरीकडे जाऊन लावून घेतलं असणार, कारण गावात लावून देणारे आहेतच. म्हणजे इथे ह्यांचं गिऱ्हाईक रोज जातं आणि तरी बाकावर जागा नसते, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

डॉक्टर बीएएमएस (म्हणजे आयुर्वेदाची डिग्री) आहेत हेही सांगून टाकते कारण कुणीतरी विचारणारच. बोर्डावर तेवढंच लिहिलंय, पुढे शेपूट काही नाही. मला आधी हे खटकायचं. पण खरी परीक्षा डिग्रीची नसते, आपल्या हातातलं काय आणि नाही काय हे किती लवकर कळतं त्याची असते, आणि तिथे हे पक्के आहेत. आमच्या बागेत कलमांना आळी करताना गड्याला गडग्यातला (दगडी कुंपणातला) विंचू चावला, लाल, छोटासा. आम्ही कांदा चोळत बसलेलो. सुमोत घालून नेला तर डॉक्टरांनी बिल्ला वगैरे काही नाही, डायरेक्ट आत घेतला, त्याचे तळहात बघितले, घामाने थबथबलेले आणि बर्फासारखे गार. म्हणाले दुखतंय तोपर्यंत मला भीती नसते, हे घाम आणि गार हात आले की असते. एक गोळी दिली, चिठ्ठी लिहिली, आणि त्याच सुमोत मोठ्या हॉस्पिटलात पाठवला, वर तिथे फोन करून सांगितलं की पेशंट निघालाय, तयार राहा. (म्हणजे फोन करता येतो त्यांना, उचलताच येत नाही.) ती गोळी प्राझोसिनची, मूळ ब्लडप्रेशरची. विंचवावर ती चालते हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं, ते आमच्या कोकणातच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, पेशंटच्या उशाशी बसून टिपणं काढून त्यांनी ते काम केलं, लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. हे सगळं मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं, असं सांगत होते जसं काही घरातल्याच माणसाला पद्मश्री मिळालीय. गडी तिसऱ्या दिवशी घरी आला, आता गडग्याला हात घालायच्या आधी काठी आपटतो.

आता पुराचं. २२ जुलै २०२१ चिपळूणवाल्यांना सांगायला नको, वाशिष्ठीचं पाणी पहाटे शिरलं आणि बाजारपेठेत बऱ्याच ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकलं. डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्याला. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, अजूनही नाही, होती ती कार्डं, पिवळट, लाकडी खणांत आडनावाप्रमाणे लावलेली, काही घरांच्या तीन पिढ्या एकाच खणात. पाणी ओसरल्यावर त्या सगळ्याचा लगदा झाला होता. मी स्वतः बघितलाय, भाऊ फावड्याने चिखलाबरोबर ते पण ओढत होते आणि मध्येच थांबून एखादं कार्ड पुसून वाचायचा प्रयत्न करत होते, शाई सगळी पसरलेली.

लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, पायाला जखम नाही असा माणूस गावात सापडला नसता. डॉक्टर जवळच्या एका इमारतीच्या जिन्यात वरच्या पायऱ्यांवर टेबल टाकून बसले, गळ्यात स्टेथोस्कोप आणि शेजारी डॉक्सीसायक्लिन ह्या अँटिबायोटिक गोळ्यांचा खोका. लेप्टोसाठी. उंदराच्या मुतातून येतो हा आजार, चिखलात उघडी जखम घेऊन फिरलं की आत शिरतो, त्यामुळे प्रत्येकाला तेच सांगत होते, जेवून घे, ग्लासभर पाण्याबरोबर घे, घेऊन लगेच आडवा पडू नको, घशात जळजळेल, आणि ताप येऊन पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर माझी वाट न बघता सरकारी दवाखाना गाठ. गरोदर बायका आणि लहान पोरं आली की खोका बाजूला, त्यांचं वेगळं. आम्ही रांगेत होतो, सासूबाईंच्या पायाचं बोट पत्र्याने चिरलेलं आणि चांगलंच पिकलेलं. डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, अँटिबायोटिक लिहायला घेतलं, थांबले, आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला सल्फाची औषधं नाही ना चालत. तुमच्या धाकट्याच्या मुंजीच्या आधी अंगभर फोड आलेले." सासूबाई स्वतः विसरलेल्या! घरी येऊन हिशोब केला तर मुंज १९९८ ची. कार्ड वाहून गेलं, ॲलर्जी नाही गेली. त्या दिवसापासून मी घरातल्या सगळ्यांच्या ॲलर्जी एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्यात, त्यांनीच सांगितलं म्हणून, म्हणाले माझ्या डोक्यात किती दिवस राहणार.

दोन वर्षांपूर्वी मुलाला डेंग्यू झाला तेव्हाचं पण लिहिते, आईलोकांना उपयोग होईल. आधीच्या वर्षी बहिणीच्या मुलाला पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात प्लेटलेट ८०,००० आल्या म्हणून चार दिवस ठेवून घेतलेलं, पोरगं बेडवर उड्या मारत होतं आणि बिल बघून भावजींनी बसून घेतलं. त्यामुळे आमचे ६२,००० आल्यावर माझे हातपाय गळाले. शेजारणीने पपईच्या पानांचा रस आणला, नणंदेने किवी आणायला सांगितले, कुणीतरी शेळीचं दूध. डॉक्टरांनी रिपोर्ट घेतला आणि प्लेटलेटच्या आकड्यावर बोट पण ठेवलं नाही, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते) बघितला आणि कालच्याशी ताडून बघितला. म्हणाले रक्त घट्ट होतंय का ते बघायचं असतं, नुसत्या प्लेटलेट मोजत बसू नकोस. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी घरात असली तर माळ्यावर टाक. आणि मग जे बोलले ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं: ताप उतरला की खूष व्हायचं नाही, खरा धोका त्यानंतरचे एक-दोन दिवस. पोटात खूप दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, पोरगं गार आणि मलूल पडलं, कुठून रक्त आलं, तर उचल आणि ॲडमिट कर, मला विचारत बसू नको. रोज सकाळी रक्त तपासायचं आणि रोज त्यांना दाखवायचं, फी फक्त पहिल्या दिवशीची. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून घरी जाताना स्कूटर आमच्या गेटपाशी थांबवली, वर पण नाही आले, खालूनच ओरडले, "गो, लघवी किती वेळा केली पोराने?" अख्ख्या आळीला कळलं. पाच वेळा म्हटल्यावर स्कूटर चालू करून गेले.

फी सध्या १५० रुपये, गोळ्यांसकट. सुट्टे न्या, यूपीआयचा स्टिकर लावलाय पण तो भाऊंच्या पुतण्याच्या नावावर आहे आणि पैसे आलेत का हे बघायला पुतण्याला फोन लावावा लागतो.

अर्धा स्टार का कापला तर बिलासाठी नाही, पंख्यासाठी पण नाही. डॉक्टर सत्तरीच्या पुढे आहेत, मुलगी पुण्यात रेडिओलॉजिस्ट, ती इथे येऊन सूर्य-चंद्र काढत बसणार नाही, आणि बसावं असं म्हणायचा मला अधिकार पण नाही, मी स्वतःच्या मुलीला म्हणेन का? पण मागच्या महिन्यात मी विचारलं की तुमच्या नंतर आम्ही कुणाकडे जायचं, तर उत्तर द्यायचं सोडून माझंच बीपी मोजलं. १४०/९० आलं. मीठ कमी करायला सांगितलं आणि नवीन कार्डावर लिहून घेतलं. आमचं हे कार्ड पुरानंतरचं आहे, पहिल्याच ओळीत सासूबाईंच्या नावापुढे लाल पेनाने सल्फा लिहून दोनदा अधोरेखित केलंय.

गुरुवारी संध्याकाळी बंद. रविवारी बंद असतो असं बोर्डावर आहे, पण मागच्या दाराची कडी वाजवून बघा.